आधी पिकलेली चकती

वारा सुटला की शेंडाघरातले चहाचे कप टेबलावर आपापल्या मर्जीने फिरत. दोन जुन्या अंजन वृक्षांच्या माथ्यावर, जमिनीपासून आठ मजले उंच टांगलेली ही प्रयोगशाळा. पाहुणे आले की पहिला तासभर ते कठड्याला घट्ट धरून बसत आणि कौतुकाचे शब्दसुद्धा दबक्या आवाजात काढत. डॉ. शर्वाणी तेंडोलकर मात्र इथे घरच्यासारखी वावरे. बारा वर्षं ती आणि डॉ. मुकुल चौबळ इथे नेच्यांच्या जनुकांचा अभ्यास करत होते. दोघांचा एक नियम होता. दोराला लटकून बाहेर पडायचं तर आपल्या कमरेची गाठ दुसऱ्याने तपासायची. त्यावाचून पाय बाहेर टाकायचा नाही.

त्यांचा नेचा म्हणजे बाशिंग. जमिनीला कधीही न शिवता हा उंच फांदीवर जन्मतो आणि तिथेच मरतो. बुडाशी वाळक्या तपकिरी पानांची टोपली करतो, तिच्यात पडका पालापाचोळा साठवतो आणि त्याचीच माती करून खातो. जागा मिळाली नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांतला हा नव्हे. पण अलीकडचे उन्हाळे त्यालाही झेपेनात. म्हणून दोघांनी कातळावरच्या एका नेच्याचं जनुक त्याच्यात घातलं आणि कोरड्या फांदीवरही तगणारा ‘तहानजीत’ बाशिंग तयार केला. तो अजून शेंडाघराच्या काचेआड होता. निदान शर्वाणीची तशी समजूत होती.

पश्चिमेच्या खिडकीखाली सातोळी गावच्या रवळनाथाची देवराई सुरू होई. या राईतून काडी बाहेर न्यायची नाही आणि बाहेरचं काही आत आणायचं नाही, हा गावाचा शिरस्ता. मूळचा अस्सल बाशिंग आता फक्त तिथेच उरला होता. राईचे गुरव दाजी यांना शर्वाणीने पहिल्याच वर्षी शब्द दिला होता, ‘बघू, पण हात लावणार नाही.’ म्हणून ती दूरसूक्ष्मदर्शकातून बघे. हे यंत्र पन्नास हातांवरच्या सालीवरची नखाएवढी चकतीसुद्धा डोळ्यासमोर आणून ठेवी.

त्या सकाळी ती त्या चकत्याच बघत होती. नेच्याचा बीजाणू सालीवर पडला की त्यातून लगेच पानं फुटत नाहीत. आधी एक हिरवी चकती होते. तिच्यावर नर-मादीचे अवयव येतात, त्यांचं मीलन होतं आणि मग खरं रोप उगवतं.

“मुकुल, इकडे ये. राईतल्या सगळ्या चकत्या नर आहेत.”

मुकुल आपल्या टेबलावरून उठला नाही. “बुरशी असेल.”

“बुरशी मारते. ती लिंग ठरवत नाही.”

“मग ऊन. यंदा केवढं तापलंय.”

त्याची उत्तरं फार चटकन येत होती. एरवी साधा प्रश्न विचारला तरी हा माणूस आधी चष्मा पुसत बसे.

“लिंग एकच गोष्ट ठरवते,” शर्वाणी म्हणाली. “नरकारक रस. शेजारपाजारी जी चकती सगळ्यांत आधी पिकते, ती स्वतः मादी होते आणि हा रस सोडते. मागून वाढणाऱ्या ज्या चकत्यांना तो लागतो, त्यांना मादी होताच येत नाही, त्या नर होतात. एकटी वाढलेली चकती दोन्ही होऊ शकते. पण आधी पिकलेली शेजारी असली की बाकीच्यांचं नशीब तीच लिहिते.”

“हे मला कशाला शिकवतेस?”

“कारण राईतल्या चकत्या सगळ्या सारख्याच संथ पिकतात. म्हणून तिथे आजवर नरही दिसत आले, माद्याही. या वर्षी कुणीतरी फार लवकर पिकलंय.”

तिने खूण-दिवा काढला आणि त्याचा झोत राईतल्या सावलीतल्या एका बेचक्यावर सोडला. सालीवर निळे ठिपके चमकले. तहानजीत ओळखता यावा म्हणून त्याच्यात निळं चमकणारं एक खूण-जनुक घातलेलं होतं. ते घालणारे हात तिचेच होते.

तिने दिवा विझवला, पुन्हा लावला. ठिपके तिथेच होते.

“कधी टाकलेस बीजाणू?”

मुकुलने आता चष्मा काढला. “ती राई मरतच होती, शर्वाणी. तू रोज बघत होतीस आणि रोज लिहून ठेवत होतीस. मी काहीतरी केलं. आता तिथे जे उगवेल ते जगेल तरी.”

“जे उगवेल ते सगळं आपल्या चकतीच्या पोटचं असेल! राईतल्या चकत्या नुसते बाप होणार. मूळच्या बाशिंगाला तिथे आता आईच उरली नाही. चार पिढ्यांनी त्याचं काय शिल्लक राहील? तहानजीत लवकर पिकतो हे तुला माहीत होतं.”

“होतं.”

“तुझ्यावर विश्वास टाकून मी झोपायला जात होते, मुकुल. रोज माझी गाठ तू तपासायचास. केसाने गळा कापलास.”

त्याच्या चेहऱ्यावर शरम असती तर तिला थोडं बरं वाटलं असतं. तिथे फक्त थकवा होता, आणि आपण बरोबर आहोत अशी खात्री.

“एवढं जंगल पडलंय. मग राईच का?”

“दुसरीकडे टाकलं असतं तर तू उपटून काढलं असतंस,” मुकुल म्हणाला. “राईत रुजलेलं कुणी उपटत नाही.”

शर्वाणीने कमरेला दोर बांधला. मुकुल सवयीने गाठ बघायला पुढे आला. तिने त्याचा हात झटकला आणि न तपासलेल्या गाठीनिशी ती खाली उतरली.

दाजी गुरव देवळाच्या पायरीवर बसून फुलं निवडत होते. तिला बघताच त्यांनी सरकून जागा केली.

“येवा ताईनू. पाणी घेतास?”

तिने सगळं सांगितलं. चकत्या, रस, निळे ठिपके, काही लपवलं नाही. निळी चमकणारी तेवढी खरवडून काढली तर मूळच्या चकत्यांवरचा रस ओसरेल आणि त्यांच्यात पुन्हा माद्या होतील, हेही सांगितलं. “या पावसाच्या आत व्हायला हवं, दाजी. एकदाच आत जाऊ द्या.”

“राईत रुजला ता देवाचा. ता कोण उपटतलो?”

“पण हे रुजलेलं नाही. चोरून टाकलंय.”

“चोरून खंय?” दाजींनी मान वर केली. “डॉक्टरान माका इचारल्यान. हयसरच बसान.”

“आणि तुम्ही हो म्हणालात?”

“तेनी सांगल्यान, ताईंनी धाडल्यानी.”

बारा वर्षं तिने राईतलं वाळकं पानसुद्धा उचललं नव्हतं, आणि त्या बारा वर्षांची पुण्याई मुकुलने एका वाक्यात वापरून टाकली होती.

“मी नव्हतं पाठवलं, दाजी. तो खोटं बोलला.”

दाजी एक फूल हातात तसंच धरून बसले. रागावले असते तर तिला सोसलं असतं.

“तेवा तो म्हणालो, टाकलव तर राई वाचतली. आज तुमी म्हणतास, काढलव तर वाचतली. तुमी दोघव एकाच घरातली. मी कोणाचा आयकू?”

“माझं ऐका. कौल लावा हवं तर. देवालाच विचारा.”

दाजींनी हातातलं फूल हलकेच परडीत ठेवलं.

“कौल तेवाच लावलंय, ताईनू. तुमच्या नावान गाऱ्हाणा घातलंय. ‘बारा वर्सां जेणी तुझ्या पानाक हात लावूक नाय, तेचा ह्या मागणा आसा’ म्हणान सांगलंय. देवान उजवो कौल दिल्यान, होकार दिल्यान. तुमच्या नावार दिल्यान.” त्यांचा आवाज बारीक झाला. “आता तेका खंयच्या तोंडान सांगू, की ता नावच खोटा होता?”

शर्वाणी उठली. राईची हद्द चार पावलांवर होती. पलीकडच्या पहिल्याच, खाली झुकलेल्या फांदीवर हिरव्या चकत्या धरल्या होत्या आणि त्यांना हात सहज पोचला असता. ती हद्दीशी उभी राहिली. मागे दाजी तिच्याकडे बघत होते आणि तिला अडवण्यासाठी जागचे हललेसुद्धा नाहीत. ताई हात लावणार नाही, एवढा भरवसा त्यांना अजून होता.

तिने हात लावला नाही.