सात आठवड्यांचा उपास

ग्रीसमधल्या कावालाच्या दवाखान्यात त्या सकाळी नेहमीच्या नर्सबाई नव्हत्या. होता एक नवाच तरुण, स्टेरिओस... आणि स्वारीचं लक्ष सुईपेक्षा रक्त तपासायला आलेल्या रोदान्थीकडेच जास्त!

तिने चटकन मूठ मिटली. बोटांवरच्या कोलेस्टेरॉलच्या त्या पिवळट गाठी कुणी पाहिलेल्या तिला खपत नसत.

"हात सैल सोडा की. खाणार नाहीये मी."

"खाऊ नकाच. कोलेस्टेरॉल वाढेल तुमचं!"

तो खळखळून हसला. तीही हसली, पण आतून चरकली. अशाच गाठी तिच्या भावाच्याही हातांवर होत्या, आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याचं हृदय बंद पडलं होतं. रोदान्थी आता सव्वीसची. कुणाला मागे रडत ठेवायचं नाही, म्हणून तिने दोन स्थळं परतवली होती.

दुसऱ्या दिवशी स्टेरिओस रिपोर्ट घेऊन थेट तिच्या वडिलांच्या तिळाच्या गिरणीत हजर.

"ईस्टरच्या उपासाआधी तीनशे दहा, आणि आता तीनशे नव्वद! साऱ्या गावाचं उतरतं, तुमचंच चढलं. चोरून कोकरू हाणलंत ना?"

"देवाशपथ नाही हो! सात आठवडे दूध नाही, अंडं नाही. नुसते तीळ, तिळाचा हलवा, अक्रोड..."

तो भोवतालच्या तिळाच्या पोत्यांकडे बघू लागला.

"तिळातही कोलेस्टेरॉलचा एक चुलतभाऊ असतो," तो सावकाश म्हणाला. "लहान आतडं त्यालाही आत घेतं, पण लगेच बाहेर हाकलतं. तुमचं बहुतेक हाकलतच नाही. आमच्या मशीनला दोघे सारखेच दिसतात. अथेन्सचं मशीन दोघांना वेगळं ओळखतं. रक्त तिकडे पाठवू या?"

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी गिरणीत. कधी हलवा घ्यायला, कधी उगाचच. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मग एका दुपारी तो धापा टाकत आला.

"तेच निघालं! तीळ, अक्रोड बंद. रोज एक गोळी, ती आतड्याचं दारच अडवते. डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळलंस तर चांगली म्हातारी होशील!"

रोदान्थी तिळाच्या पोत्यावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. भावासाठी रडली, स्वतःसाठी रडली. किती वर्षांनी छाती हलकी झाली होती!

"म्हातारी?" तिने डोळे पुसले. "आणि तोवर एकटीनं करू काय मी?"

"मला... मला विचारतेस?"

"इथे दुसरं कोण आहे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... मी सवडीनं विचारलं तर चालेल? म्हणजे, आता वेळ भरपूर आहे..."

"आहे रे, भरपूर आहे," ती रडतारडता हसली. "पण तू आत्ताच विचार!"