झॉम्बींचा दृष्टांत

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. आज प्रेमाची गोष्ट ऐकवायची आहे, आणि तीत मेलेली माणसं चालत येणार आहेत. भिऊ नका, पांडुरंग पाठीशी आहे.

मानवतहून पाथरीला निघालेल्या जीपमध्ये भक्तीला जागा मिळाली ती एका पखवाजाशेजारी. पखवाज मांडीवर घेतलेला तरुण त्यालाच मोबाईल टेकवून काहीतरी बघत होता. भक्तीनं तिरकं पाहिलं आणि दचकली... पडद्यावर कुजलेली माणसं पाय ओढत चालली होती.

"देवाच्या वाद्याला टेकवून भुतं बघायलात?"

"भुतं न्हाईत, झॉम्बी हायत," तो हसला. "तुमी अप्पाराव महाराजांच्या भक्ती ना? मी योगीराज. आज तुमाला साथ माझीच हाय."

आज भक्तीचं पहिलं कीर्तन होतं. तिच्या वडिलांचा, अप्पांचा आवाज बसला होता, आणि पाथरीच्या देवळातली कीर्तनाची सेवा पुढे कुणी चालवायची ते आज ठरणार होतं. सभा जागी राहिली तर भक्तीनं, पेंगली तर चुलतभाऊ श्रीरामनं. पहिल्या रांगेतल्या नर्मदाबाई तर कुणाचंही कीर्तन रंगायच्या आत घोरायच्या. पण भक्तीनं मनाशी पक्कं केलं होतं, सेवा सोडायची नाही.

यात एवढं काय आहे, तिनं विचारलं. त्यानं एक इअरफोन पुढे केला. पदरानं पुसून तिनं तो कानात घातला. वायर तोकडी... खड्ड्याखड्ड्याला खांदा लागत होता, आणि सरकायला जागा नव्हती. पडद्यावर जग ओस पडलं होतं. उरलेली चार माणसं एका बाटलीतलं पाणी पुरवून पीत होती.

"मेलेल्यांसाठी कोण बघतंय?" तो हळूच म्हणाला. "सगळं गेल्यावर कोण कुणाचा हात सोडत न्हाई, ते बघायचं असतंय, महाराज."

"मला सगळे ताई म्हणतात."

तो पखवाज पुसण्यात गुंतला.

दुपारी कीर्तन उभं राहिलं. निरूपण सुरू झालं आणि नर्मदाबाईंची मान कलली. मागे आणखी दोघींची. श्रीराम गालात हसला. भक्तीनं पदर खोचला.

"मायबाप, एक गाव होतं. तिथं मेलेली माणसं चालायची..."

योगीराजचा हात थबकला. मग पखवाजाच्या कणीक लावलेल्या, घुमणाऱ्या बाजूवर संथ थाप पडली – धुम्... धुम्... ओढत येणारी पावलंच जणू. भक्ती सांगत गेली. ती माणसं खातात, फिरतात, पण ओठांवर कुणाचं नाव येत नाही. नाव विसरलं तो मेला. एका घरात एकटी पोर. दारावर थाप पडते. पोर विचारते, नाव आठवतंय का कुणाचं?

ती थांबली. पखवाजही थांबला.

"मंग? दार उघडलं का न्हाई, माय?" नर्मदाबाई ताठ बसल्या होत्या.

सभा खळाळून हसली, आणि विठ्ठलनामाच्या गजरात देऊळ दणाणलं. अप्पांनी गळ्यातली वीणा काढून लेकीच्या गळ्यात घातली.

बाहेर योगीराज पखवाजाला खोळ घालत होता. भक्ती समोर जाऊन उभी राहिली.

"अख्खी सभा ताई म्हणती. तुमालाच काय होतंय?"

"ताई म्हणलं की..." त्यानं मान खाली घातली. "संपलंच की सगळं."

ती जरा वेळ वीणेच्या तारेशी खेळत राहिली. "आन् जग बुडल्यावर माझं दार वाजवाल, तवा कुणाचं नाव घ्याल?"

"भक्ती."

"उघडीन," ती म्हणाली. "पण जग बुडायची वाट नका बघू. गुरुवारी या. अप्पा घरीच असतात."

गुरुवारी तो आला. आता सेवा दोघं मिळून करतात, एक उभं राहून, एक बसून. नर्मदाबाई मात्र देवाघरी गेल्या. कीर्तनात डोळा लागायला लागला, मायबाप, की त्यांचं नाव तेवढं आठवा.