जिन्याखालची भिंत

बांधकामात चूक कोणाचीही असो, शिव्या कॉन्ट्रॅक्टरच खातो. गवंड्याची भिंत वाकडी निघाली, प्लंबरचा नळ गळला, सुताराने दांडी मारली, तरी मालक मानगूट माझीच धरतो. म्हणून साइटवर शब्द एकाचाच चालतो, माझा. आणि मी तो ओरडूनच सांगतो.

या वेळी मालकीण माझी मुलगीच होती. माझ्या तोंडाला कंटाळून तिने बोलणं टाकलं होतं; घराचं काम दिलं तेही आईच्या भिडेखातर. घर मनासारखं झालं तर ती पुन्हा माझ्याशी बोलेल, एवढीच आशा होती.

त्या सकाळी जिन्याखाली एक भिंत उभी दिसली, तिला एक अरुंद दारही. नकाशात तिथे मोकळी जागा होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कोणाच्या डोक्यातलं खूळ?"

"तुम्हीच सांगितलंत ना काल, साहेब," गवंडी म्हणाला.

काल दिवसभर मी तापाने अंथरुणात होतो. मी त्याला नको नको ते बोललो. वायरमन मध्ये पडला. त्यालाही मीच आत एक दिवा द्यायला सांगितलं होतं म्हणे.

"खांद्यावर हात ठेवून बोललात. चहा घेतलास का, असंही विचारलंत. आम्ही म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला."

सगळे हसले. माझी माणसं माझ्यासमोर कधी हसत नाहीत. कोणीतरी नकला करून माझं काम नासवत होतं, आणि हे दात काढत होते. मग वायरमनने खांदा पुढे केला. शर्टावर सिमेंटचा हात उमटला होता. चार बोटं पूर्ण, करंगळी अर्धी.

माझी अर्धी करंगळी करवतीखाली गेली, त्याला खूप वर्षं झाली.

"घण आणा," मी ओरडलो. कोणी हललं नाही. शेवटी मीच उचलला आणि आत शिरलो.

जागा एका माणसापुरती होती. घण उगारायला हात मागे जाईना. गिलावा ओला होता, पण एका ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता, वर्षानुवर्षं कोणी डोकं टेकल्यासारखा. मी डोकं टेकून पाहिलं. उंची जुळली.

मागे सुताराने दार लोटलं. कडी बाहेरून लागली.

"उघड, गाढवा!"

बाहेर मुलीच्या चपला वाजल्या.

"बाबा, आत कोण ओरडतंय?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर बाहेरून आलं. माझ्याच आवाजात, शांतपणे.

"कोणी नाही गं. एवढं बुजवायचं राहिलंय."

"किती वर्षांनी असं नीट बोललात," ती म्हणाली, आणि हसली.

मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या मी घातल्या. दारापलीकडे थापी चालू लागली होती. गवंडी शीळ घालत होता. माझ्या साइटवर आजवर कोणी शीळ घातली नव्हती.