पत्र्यावरची पावलं

होटगी गावात भर दुपारी चिटपाखरूही बाहेर नसतं. नेमकी तेव्हाच चंद्रिकेच्या घराच्या पत्र्यावर पावलं वाजायची, चुलीकडून दाराकडे. तिची कानडी आई, अव्वा, मिरच्या वाळत घालायला शिडीने वर चढायची, तशीच ती पावलं. अव्वाला जाऊन वर्ष झालं होतं. चंद्रिका घाबरत नसे, कान देऊन बसायची. पण त्या दिवशी पावलं जड वाटली, म्हणून ती बाहेर आली... तर वर एक अनोळखी तरुण!

हृषीकेश त्याचं नाव, शहरातल्या नवी पेठेतला. घरं थंड राहावीत म्हणून पत्र्यांना पांढरा रंग देत फिरायचा. शेजारचं घर सोडून चुकून इथं चढला होता. उतरताना तिच्याकडे बघत राहिला आणि पायरी चुकला. तिला हसू आवरेना.

मग तो रोजच वाट चुकू लागला. तिच्या अप्पांना मागच्या उन्हाळ्यात उष्माघात झालेला, म्हणून पत्रा रंगवूया असं त्याने टुमणंच लावलं. वर कुणी चढावं हे तिला नको होतं, म्हणून शेवटी तिने पावलांचं सांगितलं. पत्रा तापून फुगतो म्हणून वाजतो, रंगवला की गप्प होईल, असं तो बोलून गेला. तिचे डोळे भरले तेव्हा त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दुपारी तो उंबऱ्यावर येऊन बसला. पावलं आली... दारावर येऊन थांबली.

"पत्रा असा चालत नाही," तो हळूच म्हणाला.

त्याच आठवड्यात अप्पा चक्कर येऊन पडले. मग तीच म्हणाली, "रंगवा. अव्वा तर गेली, अप्पा तरी राहू देत."

सकाळी दोघांनी मिळून रंग दिला. ती रडत होती. त्याने नुसता रुमाल पुढे केला.

दुपार झाली. पत्रा गप्प. घर गार, अप्पा गाढ झोपलेले. आपणच आपल्या हाताने अव्वाला घालवलं, असं वाटून चंद्रिकेचा जीव तुटत होता.

तेवढ्यात शिडी करकरली. एक पायरी... मग दुसरी... कुणीतरी खाली उतरत होतं. शिडीवर कुणीच नव्हतं. हवेत वाळल्या मिरच्यांचा वास आला. उंबऱ्यावरचा हृषीकेश झटकन उठला आणि अंग चोरून बाजूला झाला, वडीलधाऱ्या बाईला वाट द्यावी तसा. त्याला घासून गार झुळूक आत गेली. अप्पांनी झोपेतच कूस बदलली.

हाच, चंद्रिकेने मनाशी ठरवून टाकलं.

"तुमी घर गार केलं, म्हणून आत आली ती," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग... तुम्हाला मागणी यांच्याकडेच घालायची का?"

"घाला की. पण कानडीत घाला — अव्वाला मराठी लई कळत न्हाय."