कॉकला बांधलेला पंचा

गौरीजेवण आटोपलं आणि वीज गेली. आरे-वारेच्या बाजूला सणाच्या रात्री हे ठरलेलंच. मुंबईहून आलेली माझी नातवंडं, ईशा आणि शुभंकर, घरापुढच्या खळ्यात माझ्याजवळ येऊन बसली. ईशा अंधारातच धुतलेली ताटं पुसून एकावर एक ठेवत होती. शुभंकरचे हात करंजीनं तुपकट झाले होते. मागच्या टाकीवर धुऊन येतो म्हणाला.

"बादलीतलं घे," मी म्हणालो. "आज रात्री त्या टाकीचा कॉक कुणी उघडायचा नाही."

"का?"

"उगाच."

"आजोबा, तुम्ही केमिस्ट्रीचे प्रोफेसर. पीएचडी वगैरे. आणि 'उगाच'?" शुभंकर म्हणाला.

मला ते लागलं. खरं तर सांगणार नव्हतो. अजूनही वाटतं, सांगायला नको होतं.

"हे मी स्वतः पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "माझ्या विनीत नावाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलं. त्यानं सांगितलेलं किती आणि माझ्या म्हाताऱ्या डोक्यानं भरलेलं किती, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. आणि तुमच्या आईला यातलं काही…"

"भुताची गोष्ट सांगताय की प्रबंधाची प्रस्तावना?" ईशा म्हणाली.

मग मी सांगायला लागलो.

देवरूखच्या पुढे माळावर एक डेअरी होती. आता बंद आहे. तिथं पनीर करायचे. दूध फाडल्यावर जे हिरवट पाणी उरतं, ती निवळी. आधी ती वाया जायची. मग आटवून तिची पावडर करायला लागले. पावडर चांगली हवी तर निवळी सतत एकसारखी हवी, कधी दाट कधी पातळ चालत नाही. म्हणून पूर्वी एक माणूस सारखा बाटली घेऊन टाकीवर चढायचा, झाकण उघडायचा, आत डोकावून नमुना काढायचा. त्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत ती निवळी पुढं निघून गेलेली असायची.

विनीतनं यावर उपाय केला. त्यानं नळीतच मीटर बसवलं. अंगठ्याएवढी काच. वाहत्या निवळीकडे ती रात्रंदिवस बघत राहणार आणि पाण्याखेरीज तिच्यात काय किती आहे, त्याचा आकडा पडद्यावर दाखवणार. टाकी धुताना नुसतं स्वच्छ पाणी फिरवलं की आकडा शून्य. शून्य म्हणजे आत पाण्याशिवाय काहीही नाही.

"भारी आहे की," शुभंकर म्हणाला.

"भारीच. त्यानं मला मुद्दाम नेऊन दाखवलं होतं. फक्त एक झालं. टाकीवर चढून झाकण उघडायचं कुणाला कारण उरलं नाही."

टाक्यांची कामं रामाकडे असत. जवळच्याच वाडीतला माणूस, तोंडाचा फटकळ. टाकीत उतरताना तो आपला लाल काठाचा पंचा, धुण्याचं उकळतं पाणी आत सोडणाऱ्या खालच्या कॉकला बांधायचा. पंचा दिसला की आत माणूस आहे, कॉकला हात लावायचा नाही. डेअरीत तशी पाटी नव्हती, पण सगळे पाळायचे.

दोन वर्षांपूर्वीची गौरीजेवणाची रात्र. निम्मी माणसं सणाला घरी. दूध मात्र सण पाळत नाही, ते आलेलंच होतं. रात्रपाळीला विनीत आणि रामा, दोघंच.

रामा म्हणाला, "सायेब, पोरी वाट बघतायत. वाईच जेवून येतंय."

"आधी त्या टाकीतला फवारा मोकळा कर, तुंबलाय. मग जा. येताना मला डबा आण."

"आणतंय. तुमी रस्सा पिनार नि रातभर त्या मीटराम्होरं बसून ढेकरा देनार. आकडा हलंल त्याचा."

हे विनीतनं मला हसत सांगायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही त्याला.

थोड्या वेळानं तो टाकी धुवायला घ्यावी म्हणून खाली आला. कॉकला पंचा होता. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. यंत्रांचा आवाज एवढा की स्वतःचीच हाक त्याला धड ऐकू येईना. त्याला वाटलं, रामा काम उरकून जेवायला गेला आणि घाईत पंचा विसरला. त्यानं पंचा सोडला. मीटरची काच तेलकट झाली होती, ती बाहेर काढून त्याच पंच्यानं पुसली. परत बसवली.

आणि कॉक उघडला.

उकळतं पाणी टाकीत फिरायला लागलं. पडद्यावरचा आकडा उतरत उतरत शून्याजवळ आला. पण शून्यावर येईना. विनीत थांबला. येईना. त्याला वाटलं मीटर भरकटलं, नवी यंत्रं भरकटतात. त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की यंत्राला सांगितल्यासारखं होतं, तू आत्ता जे बघतोयस तेच शून्य धर.

त्यानं बटण दाबलं.

आकडा शून्य झाला.

ईशाचा ताटं पुसण्याचा आवाज थांबला होता. "आणि रामा?"

"सकाळी त्याच्या पोरी डबा घेऊन आल्या. बाबा जेवायला आले नाहीत म्हणून."

खाली समुद्राचा आवाज येत होता.

चौकशी झाली, अपघात ठरला. विनीतची नोकरीही राहिली. पण पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला, इथंच या पायरीवर बसला. म्हणाला, "सर, एकच सांगा. मी बटण दाबलं तेव्हा रामा… होता की नव्हता?"

तेवढंच त्याला हवं होतं. नव्हता, असं कुणीतरी शिकलेल्या माणसानं म्हटलं असतं तर तो झोपू शकला असता. मी विचारलं, आकडा स्थिर होता का? आत माणूस हालचाल करत असेल तर पाणी ढवळणार, आकडा हलणार. स्थिर असेल तर… तर सगळं आधीच संपलं होतं.

तो नखानं पायरी खरवडत राहिला. मग म्हणाला, "स्थिर होता, सर."

"मग तू काही करू शकला नसतास," मी म्हणालो. हे रसायनशास्त्र होतं की दया, मला आजही ठरवता येत नाही.

"मग संपलं ना?" शुभंकरनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं."

गेल्या वर्षी पुन्हा गौरीजेवणाची रात्र आली. जुनं मीटर काढून टाकलं होतं. नवं होतं, कंपनीतून तपासून आलेलं. विनीतनं रात्रपाळी मुद्दाम मागून घेतली. टाकी धुवायच्या आधी तो स्वतः शिडीनं वर चढला. झाकण उघडलं. आत विजेरी फिरवली. टाकी रिकामी होती. झाकण लावून तो खाली आला. कॉकला काही नव्हतं. त्यानं तो उघडला.

पाणी फिरायला लागलं. आकडा शून्यावर आला.

थांबला.

मग हलला.

किंचित वर. किंचित खाली.

त्यानं बटण दाबलं. शून्य. पुन्हा वर… पुन्हा खाली. पुन्हा बटण. पुन्हा तेच.

त्यानं पंप बंद केला. बाकीची यंत्रं बंद केली. पाणी नळीत उभं राहिलं. सगळी डेअरी गप्प.

आकडा हलतच होता.

वर. खाली. वर. खाली.

"छातीसारखा," विनीत म्हणाला होता. मध्ये थांबून. पुन्हा घाईघाईनं. मग खूप वेळानं एकदा वर… आणि खाली.

मग नाही.

शून्य. या वेळी कुणी बटण दाबलं नव्हतं.

तो कॉक बंद करायला वळला. कॉकला पंचा बांधलेला होता. लाल काठाचा. ओला.

त्याच रात्री तो मोटारसायकलवर इथं आला. मी दार उघडलं. तो आत आला नाही. म्हणाला, "स्थिर नव्हता, सर."

"कधी?"

"पहिल्या वर्षी. अगदी असाच हलत होता. मी बघत होतो. हलतोय म्हणूनच बटण दाबलं."

मी त्याला आत ये म्हणालो.

तो मागच्या टाकीवर गेला. खूप वेळ हात धुतले. मग निघून गेला. हल्ली हर्णैला काकाच्या बोटीवर असतो. पदव्या पेटीत. एकदा फोनवर म्हणाला, इथं बरं आहे सर, समुद्राचं पाणी कधी शून्य नसतं. अजूनही प्यायचं पाणी उजेडाकडे धरून बघतो, असं त्याचा काका सांगतो.

"तो त्या टाकीवर हात धुऊन गेला, एवढंच," मी म्हणालो. "कारण म्हणावं असं काही नाही. म्हणून म्हटलं, उगाच."

तेवढ्यात वीज आली. खळ्यातला दिवा लागला. शुभंकर डोळे चोळत होता. ईशाच्या मांडीवर शेवटचं ताट होतं आणि हातात ते पुसायचं फडकं.

फडक्याला लाल काठ होता.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"हे? मागे टाकीच्या कॉकला बांधलं होतं. गाठ सुटता सुटेना." ती हळू बोलायला लागली. "घासलेली ताटं होती… मला वाटलं, तुमचाच पंचा."

"आणि कॉक?"

तिनं मांडीवरच्या ताटाकडे पाहिलं.

"ईशा. ताटं कशानं धुतलीस?"

"तुम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं, आजोबा."

आकडा दाखवायला यंत्र इथं कुठलं असणार? समुद्र होता, रातकिडे होते. आणि घराच्या मागून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबत होता. मग पुन्हा येत होता.

शिडी टाकीला टेकवून ठेवलेली असते. कुणीतरी वर चढून झाकण उघडायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. मला ते कळत होतं. मी उठायचा प्रयत्नही केला, निदान मला तसं वाटतं.

आम्ही तिघंही बसून राहिलो. मागचा आवाज एकदा आला… आणि मग खूप वेळ आला नाही.

मी ईशाच्या हातातून पंचा घेतला. ओला होता. आणि अजून गरम होता.