टाकीवरचा पोचा

"तो पोचा पुसून टाक. शेवटचं सांगतो," गोटीराम म्हणाला, आणि नमिताने मान वर करायच्या आत त्याचा पंजा तिच्या तोंडावर बसला. ती खुर्चीसकट भिंतीवर आदळली... फुटलेल्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं, तरी तिचा हात कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर आडवाच राहिला.

पडद्यावर तिच्या बापाचीच, गोटीरामचीच, फटफटी होती! आजोबांनी मिठागराच्या शेठकडून घेतलेली, एक्कावन्न सालची. महाप्याच्या कंपनीत नमिता कॉम्प्युटरवर यंत्रांची मॉडेलं बनवायची. स्वतःच्या पसंतीचं एक मॉडेल सोमवारी दाखवलं की नोकरी कायम होणार होती. तीन महिने घणसोलीच्या घरात बसून, बोल्टन् बोल्ट व्हर्नियरच्या मोजपट्टीने मोजून तिने ती गाडी पडद्यावर उभी केली होती. गोटीरामही शेजाऱ्यांना कौतुकाने बोलावून दाखवायचा. पण आज तिने पडद्यावरच्या टाकीवर, पत्रा आत दबला होता तिथे, पोच्याची जागा आखली आणि त्याचा चेहराच फिरला.

एकवीस वर्षांपूर्वी, तापाने फणफणलेल्या सात वर्षांच्या नमिताला डॉक्टरकडे न्या म्हणत तिची आई शेवंताबाई गाडीसमोर आडवी उभी राहिली, तेव्हा दारूच्या तारेत त्याने बायकोचं डोकं धरून त्याच टाकीवर आपटलं होतं... एकदा नव्हे, तीनदा! नमिताने ते अंथरुणातून पाहिलं होतं. टाकीला पोचा पडला आणि शेवंताबाईचा डावा कान कायमचा बहिरा झाला. गावाला मात्र तो सांगत आला, तुर्भ्याला ट्रकने ठोकलं म्हणून. आणि ती माऊलीही मान डोलवत आली.

"बाबा, गाडीवर जे हाय तेच मॉडेलवर येनार," नमिता ओठ पुसत म्हणाली.

"मंग गाडीवरच र्‍हानार नाय."

त्याने टाकी उपटली आणि तुर्भ्याच्या डेंटिंगवाल्याकडे नेली. संध्याकाळी परत आणून तिच्या पुढ्यात आदळली तेव्हा ती गुळगुळीत झाली होती, वर काळा रंग.

पोच्याचं तेवढं एकच माप नमिताने शेवटाला ठेवलं होतं, कारण त्या खळग्याशी व्हर्नियर न्यायचं तिचं धाडसच होत नव्हतं... आणि अंदाजाने काही काढायचं नाही, हा तिच्या कामाचा नियम! आईने सोसलं त्याची घरातली एकमेव साक्ष आपल्या भित्रेपणाने गेली, या विचाराने ती हुंदके देऊन रडू लागली.

शेवंताबाई दारातून आत आली. लेकीसमोर जमिनीवर बसली, कधी ढळू न दिलेला डोक्यावरचा पदर तिने उतरवला आणि डाव्या कानामागचे केस बाजूला केले.

"रडू नको, बाय. तो पोचा हितंबी हाय, हितलं माप घे."

"ऊठ तिथून!" गोटीराम हात उगारून धावला... आणि थबकला. कानामागे हाड आत गेलं होतं, त्यात अंगठा मावला असता. इतक्या वर्षांत त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं! उगारलेला हात आपोआप खाली आला.

"शेवंता... येवढं लागलं व्हतं तुला?"

ती केस धरून लेकीकडेच बघत राहिली. तो तिच्या डाव्या अंगाला उभा होता, तिला ऐकूच गेलं नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं तसा तो खाली बसला, गुडघ्यांवर सरकत तिच्या उजव्या कानाशी गेला आणि तेच पुन्हा विचारलं.

"एकवीस वर्सं झाली," शेवंताबाई म्हणाली. "आज इचारताव."

नमिताने व्हर्नियर उघडला, पण केस पुन्हा पुन्हा मधे येऊ लागले. तेव्हा गोटीरामने बोटांनी ते वर धरले, आणि नमिताने आकडा लिहून घेईपर्यंत सोडले नाहीत.