अकरा जणांचा चार्ज

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पान उलटा. तुमची मनधरणी करायला मी बसलेली नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. माझ्याकडे त्यातलं काही नाही. १९४३ सालच्या वैशाखातली भर दुपार होती. जागा डोळखांबच्या अलीकडची, रानातलं एक कोळशाचं गोदाम.

मी हिराबाई. तेव्हा सरकारी नर्स होते. नवरा वारलेला. चार वर्षांची चिमी आटगावला माझ्या बहिणीकडे.

त्या साली पटकीची, कॉलऱ्याची, साथ आली. निम्मे डॉक्टर लढाईवर गेलेले. कोळसा बाहेर काढून गोदामात बाजा टाकल्या आणि त्याला इस्पितळ म्हणायचं ठरलं. भिंती काळ्या, जमीन काळी, आमचे पाय काळे.

कामाला माणसं दोन. मी आणि कंपाउंडर देवजी.

गावकऱ्यांचं काय सांगू? माणूस आणायचे, दाराशी टाकायचे आणि पळायचे. मरीआईचा गाडा मात्र वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेवर ढकलून आले. म्हणजे मरायचं ते शेजाऱ्यांनी.

आणि आमचा साहेब. आठवड्यातून एकदा शहापूरहून मोटारीनं यायचा. दारापासून वीस पावलांवर थांबायचा, नाकाला अत्तराचा रुमाल.

"किती?"

"एकोणीस, साहेब."

"वाढवू नका."

जसं काही आम्हीच पटकी पेरत होतो. बदलीचा माणूस मागितला की उत्तर ठरलेलं. "उद्या पाठवतो."

देवजी मुरबाडकडचा. चिडका, पण कामाला चोख. त्याचा एक नियम होता. जाणाऱ्यानं रोग्यांचा आकडा सांगायचा, कोणाचं जास्त आहे ते सांगायचं. येणाऱ्यानं म्हणायचं, "चार्ज घेतला." हे शब्द ऐकल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. मी न्हाणीत असले तर भाकरी हातात धरून दारात उभा राहायचा.

इस्पितळ सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी तो दोन बाजांच्या मध्ये टेकला...

उठलाच नाही.

साहेबानं कागदावर पटकी लिहिलं. खोटं लिहिलं. पटकीनं मेलेली माणसं मी रोज धूत होते. देवजी कामानं मेला.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "चार्ज घेतला." तो सुटावा म्हणून. मग चार माणसांनी त्याला ओढ्याकाठी जाळलं. शेवटपर्यंत मी तिथे उभी होते. म्हणून सांगते, तो मेला होता.

त्यानंतर आठ दिवस मी एकटी. पाणी उकळायचं, बाटल्या उकळायच्या, मिठाचं पाणी शिरेतून चढवायचं, घाण काढायची. झोप अशी नाहीच. एकदा रोग्याचं औषध ओतलं आणि मीच पिऊन टाकलं. एक म्हातारी गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बाज रिकामी झाली म्हणून बरं वाटलं. नर्सबाईनं असं बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तिथे एक दिवस काढायचा होता.

नवव्या दिवशी सकाळी साहेब येऊन गेला. "उद्या पाठवतो" म्हणाला. दुपारी माझा मेव्हणा कोंडू बैलगाडी घेऊन आला. चेहरा उतरलेला.

"हिराबाय, चिमीला लागलंय. सकालपासून डोले खोल गेलेत. पानी ठरत नाय. आता निघ."

आत अकरा माणसं होती. मी गेले तर ती मरणार. नाही गेले तर चिमी.

मी दाराच्या चौकटीला कपाळ टेकवलं. डोळे मिटत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं.

मान वर करायचंही त्राण नव्हतं. फक्त पाय दिसले. अनवाणी होते. त्या काळ्या जमिनीवर... अगदी स्वच्छ.

मला वाटलं, आली एकदाची बदली. साहेबाला लाज वाटली असेल.

मी म्हटलं, "अकरा आहेत. शेवटच्या दोघांची नाडी लागत नाही. बाटल्या उकळून ठेवल्यात."



आवाज आला. "चार्ज घेतला."

मी गाडीत चढले. ओढा ओलांडल्यावर कोंडूनं विचारलं, "चार्ज कोनाला दिलास गो?"

"बदलीवाल्याला."

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. "तिथं कोन नव्हता, बाय. तू चौकटीशी बोलत होतीस."

तेव्हा तो आवाज मला ओळखू आला. इतके दिवस ऐकलेला. जरासा घोगरा, चिडका.

गाडी वळवता आली असती. मी वळवली नाही. अकरा माणसं तिथे कोणाही जिवंत माणसाच्या भरवशावर नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी कोंडूला म्हटलं, "बैल जोरात हाक."

चिमी वाचली. दोन दिवस तिला चमच्याचमच्यानं मिठाचं पाणी पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली, आणि मी कोंडूच्या गाडीतून परत निघाले. अकरा मढी उचलायची तयारी मनाशी करूनच निघाले होते.

पोचले तेव्हा दुपारच होती. दार उघडं. वास नाही. रडणं नाही. कण्हणंही नाही...

अकराच्या अकरा जिवंत.

ज्यांची नाडी लागत नव्हती ते दोघे भिंतीला टेकून बसलेले. बाटल्या उकळून, फडक्यावर पालथ्या घातलेल्या. चूल गरम. कोळशाच्या धुळीत कोणाच्या पावलाचा ठसा नाही.

धोंडीबाई म्हणून पाड्यावरची एक रोगी होती. तिनं मला हाक मारली.

"बाय, तो कोन ठेवलास गो? सारखा पानी पाजतो. बसत नाय, जेवत नाय. हात धरतो तर थंडगार लागतो."

"कुठे आहे?"

तिनं माझ्या मागे बोट केलं...

देवजी उभा होता. माझ्यापासून दोन हातांवर. तोच खाकी सदरा. चेहरा भयंकर वगैरे काही नव्हता. नुसता दमलेला. मेल्यावरही माणूस इतका दमू शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

"अकरा आहेत," तो म्हणाला. "सगळे ठीक."

आणि वाट बघत राहिला.

दोनच शब्द म्हणायचे होते. म्हटले की तो सुटला असता. पण म्हटले की मी अडकले असते. पुन्हा ते गोदाम, पुन्हा साहेबाचा उद्या. आणि आटगावला चिमी अजून उठून बसतही नव्हती.

माझं तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. खोटं कशाला बोलू, मी ते येऊ दिले नाहीत.

मी मागे मागे सरकत उंबरा ओलांडला. तो तसाच उभा. हाक मारली नाही, मागे आला नाही. मी कोंडूच्या गाडीत बसले आणि आटगावहूनच राजीनामा धाडला.

ते अकराही जण पायांनी चालत घरी गेले. साहेबाला वरून शाबासकी आली, त्यानं जातीनं केलेल्या देखरेखीबद्दल. वीस पावलांवरून केलेली देखरेख. ऐकलं तेव्हा मी थुंकले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. गोदाम ओस आहे. रानात कोळसा पाडणारे सांगतात, दुपारी तिथे आडवं व्हायची सोय नाही. डोळा लागला की कोणीतरी मनगट धरतं... नाडी बघितल्यासारखं. मग हात सोडून पुढच्याकडे जातं.

ते कोण, हे मी त्यांना सांगत नाही. कशानं आलं, कसं आलं, मला कळत नाही. एवढं कळतं की एकदा मी त्याला सोडवलं होतं आणि मीच पुन्हा जुंपलं.

साहेबाला मी आजही शिव्या देते. पण देवजी जिची वाट बघतोय ती बदली मीच आहे.

चिमी आता दहा वर्षांची आहे, धडधाकट आहे. माझ्यावाचून तिचं आता अडणार नाही. येत्या वैशाखात जाईन आणि ते दोन शब्द बोलून येईन म्हणते.

मागच्या वैशाखातही असंच म्हणाले होते.